वापरलेला मिनी ट्रॅक्टर: इंजिन ऐका, पण पैसे सीटखालचा भाग बघून मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. साधारण २५ एचपीचा, तीन सिलिंडरचा, फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर विकायला आहे. वय दहा वर्षांच्या आसपास, मीटरवर १,४०० तास, अंगावर ताजा रंग. विकणारा म्हणतो, ‘इंजिन एकदम टकाटक, हात लावायचं काम नाही.’ घेणाऱ्याचं काम म्हणजे रोटाव्हेटर, फवारणी आणि छोटी ट्रॉली. सोबत मेकॅनिक नेणं जमणार नाही. मग स्वतः काय बघायचं, आणि घेतल्यावर निगा कशी ठेवायची?

इंजिन टकाटक असेलही. छोट्या डिझेल इंजिनांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. वेळेवर ऑइल आणि स्वच्छ हवा मिळाली तर ती हजारो तास निमूट चालतात. बिघडली तरी काय बिघडलं ते कळतं आणि रिंगा, लायनर, बेअरिंग यांच्या खर्चाचा अंदाज आधीच बांधता येतो. जुन्या मिनी ट्रॅक्टरमध्ये माणूस बुडतो तो सीटखालच्या भागात आणि पुढच्या एक्सलमध्ये. गिअर बॉक्स, हायड्रोलिक, ब्रेक आणि फोर व्हील ड्राइव्ह ही ती चार ठिकाणं. कारण सोपं आहे. छोट्या ट्रॅक्टरला त्याच्या ताकदीपेक्षा मोठं अवजार लावायचा मोह जवळपास सगळ्यांना होतो. इंजिनाला ओझं जड झालं की त्याची रेस पडते, काळा धूर येतो, चालवणाऱ्याला हात आवरावाच लागतो. गिअर आणि बेअरिंग असं काही बोलत नाहीत. ती सोसत राहतात आणि बिल पुढच्या मालकाच्या नावावर फाटतं.

आधी मीटरचं बघू, कारण १,४०० हा आकडा ऐकून बरेच जण निम्मे विरघळतात. जुन्या ट्रॅक्टरवर केबलने चालणारं मीटर असतं. ते घड्याळाचे तास मोजत नाही, इंजिनाच्या फेऱ्या मोजतं. ठरलेल्या आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ठरलेल्या फेऱ्यांवर, तासभर चाललं तर एक तास पडतो, स्लोवर, म्हणजे रेस न देता, तेवढाच वेळ चाललं तर त्याहून बराच कमी. केबल तुटली की मीटर थांबतं आणि ट्रॅक्टर चालूच राहतो. इलेक्ट्रॉनिक मीटरही बदलता येतं. म्हणून मीटरचा आकडा हा विकणाऱ्याचा एक दावा समजा आणि तो ट्रॅक्टरच्या अंगावर पडताळून घ्या.

क्लच पेडलवरचं रबर आणि खालचं लोखंड बघा. पेडलची एक कड बुटाने गुळगुळीत झिजून चकाकत असेल आणि मीटर १,४०० दाखवत असेल, तर दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, आणि पेडलला खोटं बोलता येत नाही. मग मागे या. या आकाराच्या ट्रॅक्टरला बहुधा कॅटेगरी १ ची थ्री पॉइंट लिंकेज, म्हणजे अवजार तीन ठिकाणी जोडायची मांडणी, असते. खालच्या दोन लिंकच्या पिना २२ मिलिमीटरच्या, टॉप लिंकची १९ ची. लिंकच्या टोकातली छिद्रं गोल आहेत की लांबट झालीत ते बोट घालून पाहा. पीटीओ शाफ्टच्या, म्हणजे अवजार फिरवायला मागे असलेल्या शाफ्टच्या, सहा खाचांच्या कडा चौकोनी असायला हव्यात. त्या सुरीसारख्या धारदार झाल्या असतील तर त्या शाफ्टने भरपूर रोटाव्हेटर फिरवला आहे. इंजिन बंद असताना तोच शाफ्ट मुठीत धरून वर-खाली हलवा. जाणवण्याइतका खेळ असेल तर आतलं बेअरिंग संपत आलंय.

टायरही साक्ष देतात. टायरच्या बाजूला छापलेल्या खुणांमध्ये शेवटी चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१४ म्हणजे २०१४ सालचा पस्तिसावा आठवडा. टायर ट्रॅक्टरच्याच वयाचे असतील आणि निम्मी नक्षी शिल्लक असेल तर १,४०० तास पटण्यासारखे आहेत. मागचे टायर बदललेले असतील तर का बदलले ते विचारा. उत्तरापेक्षा उत्तर द्यायला लागलेला वेळ जास्त बोलका असतो.

ताजा रंग हा काही गुन्हा नाही. फक्त तो कशावर मारलाय ते शोधायचं. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरना वेगळी चासी नसते. इंजिन, क्लचचं हाउसिंग आणि गिअर बॉक्स एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तोच ट्रॅक्टरचा कणा. त्या जोडांवर टॉर्च मारा. जोडातून गॅस्केटची पेस्ट बाहेर आलेली दिसली, बोल्टच्या डोक्यांवर पान्याच्या ताज्या खुणा दिसल्या, तर ट्रॅक्टर मधून फोडलेला आहे. एवढ्यावरून घाबरू नका, क्लच प्लेट बदलायला तो फोडावाच लागतो. काय काम केलं आणि कोणते पार्ट टाकले एवढं विचारा, बिल असेल तर बघा. पण हाउसिंगवर तडा किंवा वेल्डिंगची शिवण दिसली, मग ती रंगाखाली का असेना, तर तिथून निघायचं. पुढे लोडर लावून वापरलेल्या ट्रॅक्टरमध्ये हे जास्त दिसतं. लोडर काढून विकायला ठेवला तरी त्याच्या ब्रॅकेटची रिकामी भोकं बाजूला राहतात, ती शोधा.

आता इंजिन. जाण्याआधी फोनवर सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर सगळ्यात आधी ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर गप्पा मारत बसा किंवा दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन कसं चालू होतं ही एकच गोष्ट विकणाऱ्याला सजवता येत नाही. हीटर प्लग असेल तर तो सांगितलेल्या वेळेपुरता तापवून सेल्फ मारा. थोडा पांढरा धूर येऊन अर्ध्या-एक मिनिटात साफ झाला तर ठीक. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि त्याला न जळालेल्या डिझेलचा वास असेल, तर नोझल किंवा कॉम्प्रेशनची भानगड आहे. वास गोडसर असून रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ओझ्याखाली थोडा काळा धूर चालतो, रिकामा चालताना नाही.

इंजिन गरम झालं की स्लोवर ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि ते भोकावर नुसतं टेकवून ठेवा. झाकण थोडं थरथरलं तर चालतं. खालून भपकारे येऊन ते नाचायला लागलं, वाफ आणि ऑइलचे थेंब उडायला लागले, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगा आणि लायनर झिजलेत. रेडिएटरचं झाकण मात्र थंड असतानाच, चालू करायच्या आधी उघडून घ्या. आत ऑइलचा तवंग किंवा गंजाचा चॉकलेटी गाळ नको. गरम रेडिएटरचं झाकण उघडून हात-तोंड भाजून घेणारे दरवर्षी सापडतात.

इंजिनाची आणखी एक तपासणी आहे, ती फार कमी लोक करतात. एअर फिल्टरचं घर उघडा, फिल्टर काढा आणि फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपच्या आत पांढरं फडकं फिरवा. फडकं स्वच्छ निघालं पाहिजे. त्यावर बारीक मातीचा थर आला तर त्या इंजिनाने माती खाल्ली आहे. फिल्टर फाटका असेल, त्याचं रबर नीट बसत नसेल किंवा पाइपचा क्लॅम्प सैल असेल, कारण काहीही असो, लायनर आणि रिंगा घासल्या गेल्याच असणार. अशा इंजिनाचा आवाज आज गोड असला तरी भाव ठरवताना इंजिनाचं काम धरूनच ठरवा.

यापुढे ज्या भागावर खरे पैसे अडकतात तो.

बहुतेक छोट्या ट्रॅक्टरमध्ये गिअर बॉक्स, मागचं डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर) आणि हायड्रोलिक लिफ्ट यांचं ऑइल एकच असतं. बऱ्याच मॉडेलमध्ये ब्रेकच्या प्लेटाही त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. म्हणून त्या एका डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल बघायच्या पट्टीवर, निम्म्या ट्रॅक्टरची तब्येत कळते. ऑइल पारदर्शक, मधाच्या रंगाचं किंवा थोडं काळपट असेल तर चांगलं. दुधाळ असेल तर आत पाणी आहे. पाणी जातं ते गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरी टोपीतून, ब्रीदरमधून, जोरदार फवाऱ्याने धुताना, नाहीतर एक्सलपर्यंत चिखलात काम करताना. नुसतं दुधाळ असेल आणि गिअर बॉक्स शांत असेल, तर टोपी बदलून आणि ऑइल दोनदा बदलून निभावतं. दुधाळ ऑइल आणि जोडीला गिअर बॉक्सची गुरगुर असेल, तर बेअरिंगला गंज लागलेला आहे, आणि तिथपर्यंत पोहोचायचं तर सगळा मागचा भाग उघडावा लागतो.

ट्रॅक्टर रात्रभर उभा असेल आणि मालक तयार असेल तर खालचा ड्रेन प्लग हलकेच सैल करून पहिली धार वाटीत घ्या. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाला बसतं आणि सगळ्यात आधी तेच बाहेर येतं. प्लगला चुंबक असेल तर त्यावर चिकटलेलं चिमटीत घासून बघा. करड्या रंगाचा मऊ लेप नेहमीचाच आहे. बोटाला टोचणारे कण किंवा चपटे तुकडे म्हणजे आत काहीतरी तुटतंय. मालक एवढं करू देणार नाही म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे, पण मग तुमचा भावही त्या हिशोबाने खाली यायला हवा.

लिफ्ट रिकामी वर-खाली करून काही कळत नाही. तिथलं सगळ्यात जड अवजार लावायला सांगा. अर्ध्या रेसवर लिफ्ट एका लयीत, हिसके न देता वर गेली पाहिजे. पूर्ण वर गेल्यावर इंजिन बंद करा, लिंकच्या उंचीला खडूची खूण करा आणि बाकीचं तपासायला लागा. काही वेळाने परत बघा. अवजार थोडं उतरलेलं असेल तर जुन्या लिफ्टचं तेवढं चालतं. मिनिट-दोन मिनिटांत जमिनीला टेकलं तर पिस्टनचं सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळतोय. इंजिन चालू असताना वर धरलेलं अवजार दर काही सेकंदांनी डोकं हलवल्यासारखं हलत असेल तर तेही याच गळतीचं लक्षण. लिफ्ट थोडी उतरते, व्हॉल्व्ह ती परत उचलतो, पुन्हा उतरते. पंप किंचाळत असेल तर आधी सक्शनची जाळी आणि फिल्टर चोंदलेत का बघा. ऑइल फेसाळत असेल तर सक्शनच्या बाजूने हवा शिरतेय. या दोन्ही गोष्टी स्वस्तात सुटतात आणि विकणारे याच कारणांसाठी घाबरून भाव पाडतात, तो फायदा घ्यायला हरकत नाही.

क्लच बघायची सरळ पद्धत अशी. मोकळ्या जागेत ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका, थोडी रेस द्या आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन दाबलं जाऊन बंद पडलं तर क्लच पकडतो. इंजिन आपलं फिरतच राहिलं तर प्लेट गेली. हे एकदाच करा, दहादा केलंत तर चांगली प्लेटही जाळाल. डबल क्लच असेल तर पेडल अर्धं दाबल्यावर चाकं सुटतात आणि पूर्ण दाबल्यावर पीटीओ थांबतो. पेडल पूर्ण दाबूनही पीटीओ फिरत राहत असेल तर सेटिंग तरी बिघडलंय नाहीतर क्लच आतून. काहीही असो, तोवर त्या शाफ्टजवळ कोणी जायचं नाही.

गिअर एकेक करून चालवून बघा, हाय आणि लो दोन्हीत, रिव्हर्ससकट. प्रत्येक गिअरमध्ये आधी रेस द्या आणि मग एकदम सोडा. रेस सोडल्यावर लिव्हर आपोआप न्यूट्रलला उडी मारत असेल तर आतला फोर्क किंवा गिअरचे दात झिजलेत. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर दोष त्या जोडीत आहे. सगळ्याच गिअरमध्ये येत असेल तर बेअरिंग किंवा डिफरन्शियल. हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनचा ट्रॅक्टर असेल, म्हणजे गिअरऐवजी पेडलने वेग घेणारा, तर थंड असताना चालवून मत बनवू नका. अर्धा तास काम करून ऑइल तापू द्या आणि मग चढावर न्या. आतला पंप झिजलेला असेल तर तो थंड असताना ठणठणीत वाटतो आणि गरम झाला की चढावर दम सोडतो.

ब्रेकचे दोन्ही पेडल एकमेकांना जोडणारं कुलूप काढून वेगवेगळे दाबा आणि दोन्ही चाकं सारखी धरतात का बघा. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलचे ओघळ दिसले तर एक्सलचं सील गेलंय. कोरडे ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरमध्ये ते ऑइल ब्रेकच्या लायनरवर येतं.

फोर व्हील ड्राइव्हवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. पुढची चाकं लहान, मागची मोठी. पुढच्या चाकांनी मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने ओढावं अशी गिअरची मांडणी केलेली असते. हा फरक साधारण १ ते ५ टक्के. मऊ जमिनीत चाकं तेवढी घसरतात आणि हिशोब जमतो. डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर घसरायला जागा नसते, त्यामुळे तो सगळा ताण शाफ्टमध्ये आणि पुढच्या बेव्हल गिअरमध्ये (ताकद काटकोनात वळवणाऱ्या गिअरमध्ये) साठत जातो. ट्रॉली ओढताना फोर व्हील टाकून रस्त्यावर हिंडवलेला ट्रॅक्टर ओळखता येतो. पुढचे टायर मागच्यांच्या मानाने फार लवकर झिजलेले असतात, आणि फोर व्हीलचा लिव्हर काढायला गेलं की तो निघतच नाही, थोडं मागे घेतल्यावर सुटतो.

हेच नुकसान चुकीचे टायर टाकूनही होतं. पुढचे टायर फाटले की मिळतील ते, साधारण त्याच उंचीचे, बसवून टाकायची सवय असते. टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ते चालून जातं. फोर व्हीलला चारही टायरचा घेर ठरलेल्या प्रमाणात असावा लागतो, नाहीतर रोज थोडं थोडं गिअर खाणं चालू राहतं. टायरवरचे साइज लिहून घ्या आणि कंपनीच्या पुस्तकाशी ताडून बघा. टायर बदलून प्रश्न सुटेल, पण आधीचा मालक तसाच किती दिवस चालवत होता हा प्रश्न उरतोच.

आता प्रत्यक्ष तपासणी. पुढचा एक्सल जॅकने उचला आणि खाली भक्कम लाकडी ठोकळे द्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. मागच्या चाकांना अडसर लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा आणि फोर व्हील टाका. पुढचं एक चाक हाताने पुढे फिरवा. दुसरं चाक उलट दिशेला फिरलं पाहिजे. फिरलं तर आतली शाफ्ट आणि गिअरची जोडणी अखंड आहे. तुमच्या हातातलं चाक मोकळं गरगरतंय आणि दुसरं ढिम्म असेल, तर शाफ्ट किंवा बेव्हल गिअर तुटलेला आहे आणि तो ट्रॅक्टर फोर व्हीलच्या भावात विकला जातोय. चाक पकड घेण्याआधी किती सैल फिरतं तेही बघा. थोडा खेळ असायचाच. फार असेल तर दात झिजलेत.

चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. वर-खालीचा खेळ किंगपिन (चाक वळतं ती पिन) किंवा हबच्या बेअरिंगचा, डावी-उजवीकडचा टाय रॉडच्या बॉलचा. मग सगळा एक्सलच मधल्या पिनवर पुढे-मागे हलतो का बघा. त्या मधल्या पिनचं ग्रीस निप्पल खाली, मातीत, डोळ्याआड असतं आणि तिथे ग्रीस गन वर्षानुवर्षं पोहोचत नाही. चाकाजवळच्या गिअर केसमधून ऑइल झिरपत असेल तर सील बदलावं लागेल. त्या सीलमधून ऑइल बाहेर येतं तसाच चिखल आत जातो. पुढच्या एक्सलचं ऑइल बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये वेगळं असतं हेच अनेकांना ठाऊक नसतं. त्याचा प्लग उघडून बोट घाला. कोरडं लागलं तर नवल नाही.

पैसे देण्याआधी आणखी एक काम, बसल्या जागी होणारं. मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर घेऊन चार पार्टची चौकशी करा: क्लच प्लेट, हायड्रोलिक फिल्टर, पुढच्या एक्सलचं सील आणि वॉटर पंप. हे चार सहज मिळत असतील तर बाकीचंही मिळेल. कुबोटा, यानमार, इसेकी या जपानी कंपन्यांचे जपानच्या बाजारासाठी बनवलेले छोटे ट्रॅक्टर वापरून झाल्यावर जगभर विकले जातात. यंत्र म्हणून ते उत्तम असतात, पण त्याच कंपनीच्या इतर देशांतल्या मॉडेलचे पार्ट त्यांना बसतीलच असं नाही. चार पार्टपैकी दोन मिळत नसतील तर मी तो ट्रॅक्टर कितीही आवडला तरी सोडतो.

डोक्यामागचा संरक्षक दांडा, म्हणजे रोल बार, मूळचा आणि सरळ हवा. त्याला वेल्डिंग केलेलं, भोक पाडलेलं किंवा तो वाकवून सरळ केलेला असेल तर ट्रॅक्टर उलटल्यावर तो टिकेल याची खात्री नाही. दांडा उभा असेल तेव्हा पट्टा लावायचा. दांडा नसेल किंवा दुमडलेला असेल तेव्हा लावायचा नाही, कारण मग पट्टा तुम्हाला ट्रॅक्टरखालीच बांधून ठेवतो. कागदावरचे चासी आणि इंजिनाचे नंबर ट्रॅक्टरवर कोरलेल्या नंबरांशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. कर्ज बाकी नसल्याचा कागद हातात आल्याशिवाय इसार देऊ नका.

फाटकी सीट, मेलेली बॅटरी, अडखळणारा सेल्फ, एखादं मिसिंग मारणारं नोझल, बंद दिवे यांच्यापायी चांगला ट्रॅक्टर सोडू नका. ही भाव कमी करून घ्यायची कारणं आहेत.

आता घेतल्यावर. मालक ‘परवाच ऑइल बदललंय’ असं म्हणाला असला तरी पहिल्या आठवड्यात सगळी ऑइलं आणि फिल्टर बदला. इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४० बहुतेक इंजिनांना चालतं, पण पुस्तकात असेल तेच घाला. त्यानंतर दर २०० ते २५० तासांनी, आणि तास कमी झाले तरी वर्षातून एकदा, फिल्टरसकट. गिअर बॉक्स-हायड्रोलिकला ट्रॅक्टर ट्रान्समिशनसाठी बनवलेलं ऑइलच घाला. ब्रेक ऑइलमध्ये बुडालेले असतील तर नुसतं हायड्रोलिक ऑइल घातल्यावर ते किंचाळतात आणि नीट धरत नाहीत. स्वस्तात पडतं म्हणून हे करणारे पुढे ब्रेकच्या प्लेटा बदलतात. ऑइल बदलताना सक्शनची जाळी काढून डिझेलमध्ये धुवा. पुढच्या एक्सलचं ऑइल विसरू नका.

रेडिएटर धुऊन पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. नुसत्या पाण्याने आतून गंज आणि क्षार धरतात. रोटाव्हेटरच्या कामात रेडिएटरपुढची जाळी धूळ आणि काडीकचऱ्याने भरते, आणि छोट्या ट्रॅक्टरचा रेडिएटर लहान असल्यामुळे तापमान पटकन चढतं. ती जाळी दिवसातून दोनदा झटकावी लागली तरी झटका. रेडिएटरला हवा मारायची ती पंख्याच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने, बेताच्या दाबाने, नाहीतर रेडिएटरच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात.

एअर फिल्टर कोरडा असेल तर हवा आतून बाहेर मारायची, दाब २ बारच्या आत. टायरवर आपटून झटकायचा नाही. आत दिवा धरून बघा, कुठे टाचणीएवढाही उजेड दिसला तर तो फिल्टर फेकून द्या. आत दुसरा छोटा सेफ्टी फिल्टर असेल तर तो साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. ऑइल बाथ, म्हणजे ऑइलमधून हवा गाळणारा फिल्टर, असेल तर ऑइल खुणेपर्यंतच भरा, कारण जास्त झालं तर इंजिन ते ओढून घेतं. आणि क्लॅम्प. फिल्टर नवा आणि क्लॅम्प सैल, असा उद्योग फार जण करतात.

डिझेल फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाणी दिसलं की लगेच सोडून द्या. दिवस संपल्यावर टाकी भरून ठेवली तर रात्रीच्या गारव्याने आत दव धरत नाही. फिल्टर बदलल्यावर हवा नीट काढा, नाहीतर सेल्फ मारून मारून बॅटरी बसेल. बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवायला हवी. त्याहून खाली राहिली तर आधी फॅन बेल्ट सैल आहे का बघा.

रोटाव्हेटरचं माप हा तुमच्या ट्रॅक्टरचं आयुष्य ठरवणारा निर्णय आहे. इंजिनावर लिहिलेली ताकद पीटीओवर पूर्ण मिळत नाही, साधारण ८० ते ८५ टक्के धरा. रोटाव्हेटर मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडा झाकेल एवढा रुंद असला की पुरे. त्याहून मोठा ‘एका फेरीत होईल’ म्हणून घेऊ नका. जमीन कडक असेल तर खोली निम्मी ठेवून दोनदा फिरवा. पीटीओ ५४० आरपीएमवर इंजिनाचा जो वेग लागतो त्याची खूण आरपीएमच्या मीटरवर असते, तिथेच चालवा. रेस कमी ठेवून डिझेल वाचवायला गेलात तर वाचलेलं डिझेल क्लच आणि शाफ्ट वसूल करतात. अवजार वर उचलताना पीटीओ बंद करा. वाकड्या कोनात फिरणारा क्रॉस जॉइंट फार दिवस टिकत नाही. शिअर बोल्ट, म्हणजे ओझं वाढलं की मुद्दाम आधी तुटणारा बोल्ट, तुटला तर त्याच ग्रेडचा घाला. कडक बोल्ट घातलात तर पुढच्या वेळी तुटणारी वस्तू गिअर बॉक्समध्ये असेल. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर अडचण होते म्हणून काढून टाकू नका, कपड्याचं टोक अडकायला अर्धा सेकंदही लागत नाही.

पीटीओ शाफ्टच्या क्रॉसला दर आठ-दहा तासांनी ग्रीस. पुढच्या एक्सलची मधली पिन, किंगपिन, पेडलचे बुश, लिंकेज या सगळ्यांना जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत. चाकाचे नट पहिल्या काही तासांनंतर पुन्हा आवळा, विशेषतः रिम काढला असेल तर. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरायचं तर व्हॉल्व्ह वर ठेवून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण ७५ टक्के. आधीच्या मालकाने त्यात कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असेल तर व्हॉल्व्हभोवती रिम गंजलेली दिसेल, ती आतूनही बघून घ्या.

काम नसताना दर आठवड्याला पाच मिनिटं स्लोवर चालवून बंद करण्यात फायदा नाही. इंजिन तापत नाही आणि आत ओल धरते. चालवायचं तर तापेपर्यंत, थोडं ओझं देऊन चालवा, नाहीतर चालवूच नका. हंगाम संपून ट्रॅक्टर महिनोन् महिने उभा राहणार असेल तर बॅटरीची वायर काढा, अवजार जमिनीवर टेकवून लिफ्टवरचा दाब सोडा आणि क्लच पेडल दाबून हुकाला अडकवा. हूक नसेल तर लाकडाचा तुकडा अडसर म्हणून लावा. तसं केलं नाही तर दमट हवेत प्लेट फ्लायव्हीलला चिकटते आणि ती सोडवायला कधी कधी ट्रॅक्टर पुन्हा मधून फोडावा लागतो.